दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने पोराला उडवलं, पुढे काय? घरच्यांचे नेहमीचे प्रश्न, आणि त्या पोराचे स्वतःचे पण

माझ्या धाकट्या भावाला सोळाव्या वर्षी एका पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसाने उडवलं. क्लासवरून सायकलने घरी येत होता. डोक्याला मार, ऑपरेशन, आयसीयू, आणि मग घर. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन येत राहतात, कुणाचा मुलगा, कुणाची भाची, आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, वकील पण नाही. बहीण आहे, फायली सांभाळणारी. एकच गोष्ट आधी सांगते कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: डोक्याला मार लागलेलं पोर बरं दिसायला लागलं म्हणजे ते बरं झालं असं नसतं.

आत्ताच अपघात झालाय, हॉस्पिटल आधी पैसे भरा म्हणतंय. काय करू?

2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये. पोलिसांकडून अपघाताची खात्री लागते, म्हणून एक जण पोराजवळ आणि एक जण पोलीस स्टेशनला असं वाटून घ्या. राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी, तिची पण हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणारा माणूस) लगेच चौकशी करा, डिस्चार्जच्या दिवशी करून काही उपयोग नाही. आणि ज्यांनी रस्त्यावरून उचलून आणलं त्यांचा नंबर प्रेमाने मागून घ्या. त्यांच्यावर जबाब द्यायची किंवा थांबून राहायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे (कलम 134 अ), हे त्यांनाही सांगा म्हणजे घाबरून निघून जाणार नाहीत.

डॉक्टर म्हणतायत कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. हे खरंच असं करतात?

हो करतात. मेंदूला सूज आली की कवटीच्या आत जागा उरत नाही, मग हाडाचा एक तुकडा काढून सुजेला वाट करून देतात. तो तुकडा फ्रीझरमध्ये ठेवतात नाहीतर पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली, कारण तिथे तो चांगला राहतो. सूज उतरल्यावर काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये परत बसवतात. तोपर्यंत डोक्याची ती बाजू आत बसलेली दिसते, खोकला की हलते पण, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या बाजूवर झोपू द्यायचं नाही, पडू द्यायचं नाही, बाथरूममध्ये रबराची मॅट टाका आणि आतून कडी लावू देऊ नका. आमच्याकडे भावाने आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता. आईने तो काढला नाही, आणि मला वाटतं तिचं बरोबरच होतं.

डिस्चार्ज मिळाला. आता किती दिवसात नॉर्मल होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं दिवसात उत्तर नसतं. साधारण असं की पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग वेग कमी होतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही थोडं थोडं चालू राहतं. चालणं बोलणं आधी येतं. लक्ष लागणं, आठवणीत राहणं, दोन गोष्टी एकदम करता येणं, आवाजात गर्दीत टिकणं हे सगळं मागून येतं, आणि काही गोष्टी पूर्ण येतच नाहीत. गडबड इथेच होते. पोरगा चालायला बोलायला लागला की नातेवाईक म्हणतात देवाची कृपा, झाला ठणठणीत, शाळा म्हणते सोमवारपासून पाठवा आणि विमा कंपनीचा वकील म्हणतो आता काय प्रॉब्लेम आहे. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच विचारा की फिजिओथेरपी कुठे, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं परत करायला शिकवतात ती) कुठे, आणि न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट कधी करायची. ह्या टेस्टमध्ये स्मरणशक्ती, लक्ष, विचाराचा वेग हे मोजतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, बंगळुरूला निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था आहे, आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांत हे विभाग असतात, फक्त आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

सारखा झोपतो. आळशी झालाय का?

नाही. मेंदू दमतो. तासभर पाहुण्यांशी बोलला तरी आडवा पडतो, आणि हे खरं दमणं आहे. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, राग आला तर येऊ दे त्यांना.

आधी इतका शांत होता, आता ताट भिरकावतो, आईला वाट्टेल ते बोलतो. संस्कार कुठे गेले?

संस्कार कुठे नाही गेले. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालायचं काम करतो आणि समोरून मार बसला की नेमका तोच भाग दुखावतो. राग येतो आपल्यासारखाच, थांबवणारं कुणी नसतं. त्या क्षणी समजावत बसू नका, आवाज चढवू नका, टीव्ही मिक्सर बंद करा, खोलीतले लोक कमी करा आणि बाजूला व्हा, बोलायचं ते अर्ध्या तासाने. दमलेला असताना, भूक लागली असताना, गोंगाटात जास्त होतं हे एकदा लक्षात आलं की बरेच भडके आधीच टाळता येतात. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातली गोष्ट बाहेर कशी सांगायची असं करू नका, ह्यावर औषधं आहेत, थेरपी आहे. मारून सरळ होईल असं सुचवणारा एक तरी नातेवाईक निघतोच, त्याला घरातच येऊ देऊ नका.

आईवडिलांसाठी पण लिहिते. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या आईला झोप लागायची नाही, तिला त्याचा उपयोग झाला.

जेवणाला वास नाही चव नाही म्हणतो. नाटक करतोय का?

अजिबात नाही. डोक्याला जोराचा धक्का बसला की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटू शकतात. भावाला फोडणीचा वास येत नव्हता, तूप आणि तेल ह्यातला फरक कळत नव्हता, आणि हे आमच्या लक्षात आलं ते दूध करपून धूर झाला तरी तो तिथेच बसून होता तेव्हा. थोड्या जणांचा वास परत येतो, काहींचा नाही. घरात गॅसचा अलार्म बसवा, फ्रीजमधल्या डब्यावर तारीख लिहा, आणि कांद्यालिंबाने, कुरकुरीत गरम पदार्थांनी जेवणाला थोडी मजा येते ते करा.

फिट आली तर?

कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, चष्मा काढा, घड्याळ बघा. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. हे सगळं करायला गल्लीतले चार लोक धावतात तेव्हा एकाने ठामपणे अडवायचं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर 108 ला फोन. डोक्याच्या दुखापतीनंतर फिट महिन्यांनी, कधी वर्षांनी पण सुरू होऊ शकते. गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकही दिवस बंद करायच्या नाहीत, उपासाच्या दिवशी पण नाही.

दहावी बारावीचं वर्ष आहे. परीक्षा द्यायची की वर्ष सोडायचं?

वर्ष सोडणं म्हणजे वर्ष वाया जाणं नाही, हे आधी घरातल्या मोठ्यांना पटवा, पोराला ते लवकर पटतं. परीक्षा द्यायचीच असेल तर बोर्डाच्या सवलती आहेत, तासाला 20 मिनिटं जादा, लेखनिक, आणि त्यासाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो, सोबत सर्टिफिकेट. अर्ज लवकर करा, हॉल तिकीट आल्यावर धावपळ नको. शाळेत रोज जाणं झेपत नसेल तर फॉर्म नंबर 17 भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, तिथे विषय वेगवेगळ्या वेळी देता येतात.

शिक्षकांना काय सांगायचं? आम्ही एका कागदावर लिहून दिलं होतं: पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरचं उतरवायला फोटो काढू द्या, मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसू द्या, वर्गासमोर "अपघातवाला" म्हणून ओळख करून देऊ नका. शेवटचं वाक्य लिहावं लागलं ह्याचं आजही वाईट वाटतं. पण बाकीचं त्यांनी मनापासून केलं.

हात पाय नजर बोलणं ह्यात कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. 40 टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के आरक्षण आहे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने. "आमच्या पोराला अपंगाचा शिक्का नको" असं म्हणणारे पालक मला भेटलेत, त्यांचं दुःख समजतं, पण कार्ड काढून कपाटात ठेवा, लागेल तेव्हा हाताशी असू दे.

(हा एका मुलीचा प्रश्न, तिला सतरावं चालू होतं) मला अपघाताचं काहीच आठवत नाही. सगळे विचारतात. वेड लागलंय का मला?

नाही गं. त्या वेळी मेंदू आठवण साठवतच नव्हता, त्यामुळे परत येण्यासारखं आत काही नाहीये. बऱ्याच जणांना अपघाताच्या आधीचे काही तास आणि नंतरचे दिवस आठवत नाहीत. लोक उत्सुकतेपोटी विचारतात, तू "मला नाही बोलायचं त्याबद्दल" म्हणू शकतेस, उद्धटपणा नाही त्यात. पोलिसांना पण "आठवत नाही" हेच सांगायचं, दुसऱ्यांकडून ऐकलेलं आपलं म्हणून सांगायचं नाही.

मित्र यायचे बंद झाले.

होतं असं. पहिले आठवडे हॉस्पिटलबाहेर गर्दी, मग कॉलेज सुरू होतं. शिवाय तो आता जोक उशिरा पकडतो, तेच तेच परत सांगतो, चिडतो, सोळासतरा वर्षांच्या पोरांना कळत नाही ह्याच्याशी कसं वागायचं, वाईट नसतात ती. आम्ही दोघांना घरी बोलावून सरळ समजावलं की काय झालंय, काय केलेलं चालतं, काय नाही. त्यातला एक टिकला. तो शनिवारी येतो, दोघं कॅरम खेळतात, फार बोलत नाहीत. एवढं पुरतं कधीकधी.

आणि मित्रांनो तुम्ही वाचत असाल तर, ग्रुपवर "गेट वेल सून" टाकण्यापेक्षा एकट्याने या, अर्धा तास बसा.

मी परत पूर्वीसारखा होईन का?

हे भावाने विचारलं होतं मला, रात्री, लाईट गेले होते तेव्हा. मी "हो होशील" म्हणाले नाही. म्हणाले की पूर्वीसारखं सगळं नाही होणार बहुतेक, पण आत्ता आहेस असाही राहणार नाहीस. तो म्हणाला बरं झालं कुणीतरी खरं बोललं. तू जर हे विचारत असशील तर माझं हेच उत्तर आहे तुला, आणि हे पण सांगते की तू चिडलास तर चुकीचं काही नाही, दुसऱ्याच्या दारूची किंमत तू भरतोयस, राग यायलाच पाहिजे. सारखं मरावंसं वाटत असेल तर मात्र आजच घरात एकाला सांग, नाहीतर 14416 ला.

त्या ड्रायव्हरला काय शिक्षा होते?

100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत आणि 15 हजारांपर्यंत. त्याशिवाय निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि गंभीर दुखापत ह्याची भारतीय न्याय संहितेतली कलमं, 281 आणि 125. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घ्या आणि 185 लावलंय का बघा, ब्रेथ टेस्ट झाली का, रक्त घेतलं का, किती वाजता घेतलं, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. वेळ गेली की रक्तातली दारू उतरते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता, दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या मुलाला पहिल्याच दिवशी तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला तेव्हा आमच्या घरात टीव्ही बंद करावा लागला होता.

चालवणारा स्वतःच अल्पवयीन असेल तर?

मग पालक किंवा गाडीमालक जबाबदार, मोटार वाहन कायद्याचं कलम 199 अ. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

दारू सिद्धच झाली नाही तर नुकसानभरपाई बुडेल का?

नाही! हा गैरसमज फार आहे. भरपाई ड्रायव्हरच्या निष्काळजीपणावर मिळते, दारूवर नाही, आणि फौजदारी केसचा निकाल लागायची वाट बघायची गरज नसते. दोन केसेस वेगळ्या चालतात.

भरपाईचा दावा कुठे, कधी, कसा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, जिल्हा कोर्टातच असतं. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे दाखल करता येतो, म्हणजे पुण्यात अपघात झाला म्हणून लातूरहून खेटे घालायला नको. मुदत कायद्यात सहा महिने लिहिलीय, त्याच्या आतच करा. पोर अठराच्या खाली असेल तर आईवडील "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून दावा लावतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन 15100.

फाईलमध्ये काय काय: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीचं आरसी आणि विमा पॉलिसीची कॉपी, इंज्युरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, सगळी मूळ बिलं अगदी मेडिकलची छोटी पावती पण, रिक्षाचे पैसे तारखेनुसार वहीत, आईने किंवा बाबांनी काढलेल्या बिनपगारी रजा, शाळेचा दाखला, आधीच्या वर्षांची मार्कलिस्ट. मार्कलिस्ट का? कारण आधी कसा होता आणि आता कसा आहे हे कोर्टाला कागदावर दिसायला हवं. आणि न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट. तो नसेल तर कोर्टात उभा राहिलेला पोरगा धडधाकट दिसतो, हात पाय जागेवर, बोलतो नीट, आणि राग, विसरणं, दमणं हे सगळं आईच्या तक्रारीसारखं वाटायला लागतं.

घाईने तडजोड करू नका. विम्याचा माणूस सुरुवातीलाच लोकअदालतीत मिटवू म्हणतो, रक्कम त्या वेळी मोठी वाटते कारण डोक्यावर कर्ज असतं, पण लोकअदालतीतला निकाल शेवटचा, त्यावर अपील नाही. पोर कुठपर्यंत सुधारणार हे कळायच्या आत सही नको. कमावता नव्हता म्हणून थोडंच मिळेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या केसमध्ये कुशल कामगाराचं किमान वेतन धरून पुढच्या कमाईचं नुकसान मोजलं होतं आणि आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च पण धरला होता. तुमच्या वकिलाला तो निकाल माहीत असतो, आठवण करून द्या.

पैसे मंजूर झाले तरी अज्ञान मुलाचा मोठा भाग कोर्ट बहुतेक वेळा बँकेत एफडीत ठेवतं. उपचाराला लागले तर अर्ज करून काढता येतात.

गाडी आमचे काकाच चालवत होते, लग्नाहून येताना. घरातले म्हणतात मिटवून टाका.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि तो जितका वाटतो तितका दुर्मिळ नाही. दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिली पैशाची. काकांच्या गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे की फुल पॅकेज ते बघा, कारण खासगी गाडीत बसलेल्यांना साध्या थर्ड पार्टीत सहसा कव्हर नसतं, पॅकेजमध्ये असतं. दारूचं कारण काढून कंपनी अंग काढू बघते, तेव्हा कोर्टं बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे काकांना झळ लागू शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. समोरून दुसरी गाडी चुकली असेल तर तिच्यावर पण दावा होतो.

दुसरी गोष्ट पोराची. त्याच्यासमोर "काकांनी काही मुद्दाम नाही केलं" हे वाक्य बोलू नका. दारू पिऊन चावी हातात घेतली ती त्यांनीच, आणि गाडीत बसलेल्या मोठ्यांपैकी कुणी अडवलं नाही हे पोराला दिसलेलं असतं. पुढच्या दिवाळीला काकांकडे जायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. काकांना खरंच वाईट वाटत असेल तर ते दारू सोडायला मदत घेतील, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा मराठीत पण होतात.

ड्रायव्हरच्या घरचे भेटायला येतो म्हणतात.

केस चालू असताना वकिलाला विचारल्याशिवाय नको, आणि कशावरही सही नको. नंतर भेटायचं का हे पूर्णपणे त्या मुलाचं. आमचा भाऊ भेटला नाही. कुणी त्याला माफ कर म्हणून मागे लागलं नाही, आणि लागायचं पण नाही.

अठरा झाल्यावर त्याला गाडीचं लायसन्स मिळेल?

फिट येत असतील तर नाही, लायसन्सच्या अर्जासोबतच्या फॉर्म 1 मध्ये तसा थेट प्रश्न असतो आणि तिथे खोटं भरू नका. फिट नसतील तरी नजरेची, लक्षाची, प्रतिक्रियेच्या वेगाची तपासणी करून घ्या आणि न्यूरोलॉजिस्टकडून लेखी घ्या. मित्र बाईक शिकवतो म्हणतील, तेव्हा हा कागद कामाला येतो, आईच्या नकारापेक्षा जास्त. आमच्याकडे अजून लेखी मिळालेलं नाही, पुढची अपॉइंटमेंट दिवाळीनंतर आहे, आणि तोपर्यंत एसटीचा पास काढलाय त्याने स्वतः जाऊन, डेपोत रांगेत उभं राहून.